बसमध्ये नुसतं बसून राहिलं, तर काय बिघडलं?

पत्राचा सारांश

पत्र एडिंबराहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ६४ वर्षांच्या आहेत. लग्नानंतर त्या स्कॉटलंडला आल्या, पुष्कळ वर्षं नोकरी केली, दोन मुलं वाढवली. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर सहा महिन्यांत यजमान गेले. मुलगा लंडनला असतो, मुलगी टोरांटोला. त्या लिहितात:

"ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की माझं अवसानच गळतं. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दुपारी साडेतीनला अंधारून आलं की जीव गुदमरतो. गेल्या वर्षी एकदा प्रिन्सेस स्ट्रीटला खरेदीला निघाले होते. २६ नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसले होते. स्टॉप आला, पण मी उतरलेच नाही. तशीच बसून राहिले आणि पार समुद्रापर्यंत गेले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली. तेव्हापासून हिवाळ्यात आठवड्यातून तीन-चारदा मी अशीच बसमध्ये बसते. पण मनाला खातं. माझ्या मागे उभी असलेली माणसं कामावर निघालेली असतात. ड्रायव्हर 'कुठे?' विचारतो तेव्हा मी चोरासारखी शेवटच्या स्टॉपचं नाव सांगते. मुलाचा फोन आला की 'मार्केटला गेले होते' असं खोटं बोलते. मंडळातल्या एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, 'पास फुकट आहे म्हणून हे रिकामपणाचे उद्योग.' कधीकधी घरी परतायचं जिवावर येतं, म्हणून दुसरी फेरी मारते. देवाने सगळं दिलंय, तरी मी अशी का वागते? मला वेड लागलंय का?"

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

नाही, तुम्हाला वेड लागलेलं नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. त्या दिवशी स्टॉप आल्यावर न उतरता तुम्ही बसून राहिलात, तेव्हा तुमच्या शरीराला काय हवं होतं ते त्याने आपणच शोधून काढलं, असं मला वाटतं. तुम्ही त्याला अजून नाव दिलं नाहीये, एवढंच.

आधी उजेडाविषयी बोलू, कारण 'इतकी वर्षं इथे काढली, मग आताच थंडीचा त्रास का' असा प्रश्न तुमच्या पत्रात दडलेला आहे. हा त्रास थंडीचा नाही, उजेडाचा आहे. डिसेंबरच्या शेवटी एडिंबराला पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. जेमतेम सात तासांचा दिवस, आणि त्यातही ढग. आपल्या पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. तुमचं शरीर तशा उजेडात घडलं आहे. नोकरी होती तोवर तुम्ही रोज सकाळी घराबाहेर पडत होतात, स्टॉपवर उभ्या राहत होतात, जेवणाच्या सुट्टीत दोन पावलं चालत होतात. तो उजेड तुम्हाला न मागता मिळत होता. निवृत्तीबरोबर तो गेला, आणि यजमानांबरोबर सकाळी उठण्याचं कारणही गेलं. हे दोन्ही सहा महिन्यांत झालं. तेव्हा 'देवाने सगळं दिलंय, तरी' हे वाक्य कृपा करून खोडून टाका. उदास वाटणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

हिवाळ्यातल्या या उदासपणाला वैद्यकशास्त्रात नाव आहे: सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूबरोबर येणारी उदासी. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. दरवर्षी ठरावीक काळात येणारी मरगळ, जास्त झोप, गोडधोड आणि पिठूळ खावंसं वाटणं, माणसं नकोशी होणं, आणि वसंत आला की ते आपोआप ओसरणं, ही त्याची ओळख. तुम्हाला तेच आहे की दुःखाचा भार आहे की दोन्ही, हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांचं काम, त्याकडे पुढे येते.

माझी आजी सांगलीला पौष-माघात सकाळची कामं उरकली की ओट्यावर ऊन खायला बसायची. 'ऊन खाणं' हा शब्दच बघा ना! पोटात काहीतरी जातं अशा अर्थाने आपण तो वापरतो. आजीच्या हातात निवडायला गव्हाचं किंवा डाळीचं ताट असायचं, पण ताट हे निमित्त. त्या बसण्याला कोणी रिकामपण म्हणत नव्हतं. शेजारच्या दोघी येऊन बसायच्या, रस्त्याने जाणारा-येणारा दोन शब्द बोलायचा. एडिंबरातल्या घराला ओटा नाही आणि असता तरी जानेवारीत तिथे कोण बसणार? तुम्ही तुमचा ओटा २६ नंबरच्या वरच्या मजल्यावर शोधलात. मोठी काच, पायाशी ऊब, आणि समोरून जाणारी माणसं.

पण तुम्हाला ताटाची सवय आहे, ताई, आणि इथे हातात ताट नाही. खरी अडचण इथेच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे बाईने घराबाहेर पडायला नेहमी काहीतरी कारण लागत आलं आहे. देवदर्शन, भाजी, मुलांची शाळा, आजारी नातेवाईक. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदीकुंकूच घ्या. भर थंडीत कित्येक दिवस बायकांना संध्याकाळी नटूनथटून एकमेकींच्या घरी जाण्याची मुभा, आणि तीही धर्माच्या नावाने. ज्या कुणी हे रूढ केलं असेल त्यांना माणसाच्या मनाची चांगली जाण होती. पण कारणाशिवाय, केवळ स्वतःला बरं वाटावं म्हणून बाहेर पडायचं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. म्हणून ड्रायव्हरने 'कुठे?' विचारलं की तुम्हाला चोरी पकडल्यासारखं वाटतं. त्याला तुमच्या आयुष्याचा हिशोब नको असतो. पाससाठी मशीनमध्ये कुठला स्टॉप टाकायचा, एवढंच त्याला हवं असतं.

आता त्या 'फुकट' शब्दाविषयी. स्कॉटलंडमध्ये साठी ओलांडलेल्या प्रत्येक रहिवाशाला देशभर बसचा मोफत प्रवास २००६ पासून आहे, आणि त्याला वेळेचं बंधन नाही. तुम्ही कार्ड मशीनवर ठेवता तेव्हा त्या फेरीच्या भाड्याचा ठरलेला हिस्सा स्कॉटलंडचं सरकार बस कंपनीला देतं. म्हणजे तुम्ही फुकट बसत नाही. तुमच्या बसण्याचे पैसे दिले जातात, आणि इतकी वर्षं कर भरून ते तुम्हीच आधी दिलेले आहेत. दुपारच्या रिकाम्या बसमध्ये बसलेलं एक माणूस त्या मार्गाच्या हिशोबात भरच घालतं. कामावर जाणाऱ्यांची जागा अडते असं वाटत असेल तर साडेनऊनंतर निघा. तेव्हा बसमध्ये जागाच जागा असते, आणि उजाडलेलंही असतं. मैत्रिणीचं बोलणं मात्र फार मनाला लावून घेऊ नका. ज्याला अजून गरज पडली नाही त्याला बहुतेक गोष्टी रिकामपणाच्याच वाटतात.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'घरी परतायचं जिवावर येतं, म्हणून दुसरी फेरी मारते.' पहिली फेरी तुम्ही उजेडासाठी मारता. दुसरी फेरी घर टाळण्यासाठी आहे. दोन्ही वेळी बस तीच असते, पण तुमच्या मनात चाललेलं वेगळं असतं. घरात काय वाट पाहत असतं, ताई? अंधार, थंडगार खोल्या, की त्यांची रिकामी खुर्ची? अंधारावर आणि थंडीवर उपाय सोपा आहे. बैठकीतल्या दिव्याला टायमर लावा, तो तीन वाजता लागू दे. हीटिंग तुम्ही पोचायच्या अर्धा तास आधी सुरू होईल असं ठेवा. चहाचं भांडं, साखर, आल्याचा तुकडा स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडूनच निघा, म्हणजे आल्यावर हात आपोआप कामाला लागतील. खुर्चीवर मात्र टायमरचा उपाय नाही. त्यासाठी कुणाशी तरी बोलायला हवं. क्रूज स्कॉटलंड ही संस्था जिवाभावाचं माणूस गमावलेल्यांसाठीच काम करते, आणि दीड वर्ष उलटून गेलं म्हणून त्यांच्याकडे जायला उशीर झाला असं अजिबात नसतं. मुलांसमोर तुम्ही रडत नसाल, असा माझा अंदाज आहे. परक्या माणसापुढे ते कधीकधी सोपं जातं.

डॉक्टरांकडे मात्र जाच. बस हा आधार आहे, उपचार नव्हे. थकवा आणि उदासी थायरॉइडमुळे असू शकते, रक्त कमी असल्यामुळे असू शकते, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांतून आलेल्यांमध्ये बी-१२ कमी असणं फार आढळतं. एका रक्ततपासणीत हे सगळं कळतं. ड जीवनसत्त्वाविषयी एक गैरसमज आताच दूर करते: बसच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ते तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. आणि ऑक्टोबर ते मार्च स्कॉटलंडमधला सूर्य इतका खाली असतो की उघड्यावर उभं राहूनही पुरेसं मिळत नाही. म्हणून तिथे सगळ्यांना हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या माणसांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही सांगतात. मनाच्या उदासीला उपयोगी पडतो तो डोळ्यांत जाणारा उजेड, आणि तो सकाळचा जास्त. उजेड लक्समध्ये मोजतात; घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर दुपारी तो हजाराच्या वर जातो. १०,००० लक्सचे खास दिवेही मिळतात, सकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसायचं असतं. पण डोळ्यांचा काही आजार असेल किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा आणू नका.

आणि हे नीट ऐका. दोन आठवड्यांहून जास्त काळ सलग कशातच रस वाटत नसेल, किंवा आपण नसलो तरी चालेल असा विचार एकदा जरी मनात आला, तर पुढच्या बसची वाट पाहू नका. १११ या सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरला फोन करा. मनातलं ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर दिवसरात्र आणि मोफत आहे.

आता बसकडे परत येऊ. तुम्ही जे करता ते बंद करू नका, त्याला थोडं वळण द्या.

मन लागलं की बाहेर पडू, असं ठरवलं तर हिवाळ्यात कधीच बाहेर पडणं होत नाही. मन पायांच्या मागून येतं. उदासीवरच्या उपचारातसुद्धा हेच तत्त्व वापरतात: आधी छोटी कृती ठरवायची, वेळ ठरवायची, आणि वाटो न वाटो ती करायची. म्हणून वार पक्के करा. मंगळवार आणि शुक्रवार म्हणा. आदल्या रात्री कोट, मोजे, हातमोजे, कार्ड दाराशी काढून ठेवा. सकाळी दहाची बस. आणि शेवटच्या स्टॉपचं नाव सांगायचं सोडून जिथे उतरायचं आहे तिथलं नाव सांगायचं. 'पोर्टोबेलो, प्लीज.' बघा, आवाज वेगळा येईल.

कारण उतरायचं आहे. माझी एवढी एक अट आहे. प्रत्येक फेरीत निदान वीस मिनिटं जमिनीवर, आभाळाखाली. पोर्टोबेलोला तुमच्याच २६ ने थेट जाता येतं. बस थांबते तिथून एखादी गल्ली उतरलं की समुद्र. जानेवारीतसुद्धा तिथे कुत्री घेऊन माणसं फिरत असतात, आणि कुणीतरी तुमच्याकडे बघून 'ड्रीख' म्हणेलच. हा तिकडचा खास शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे: ओलं, करडं, कुंद हवामान एका शब्दात. त्या एका शब्दावर दोन अनोळखी माणसं मिनिटभर बोलू शकतात. हे मिनिटभराचं बोलणं हलकं समजू नका. उत्तर इंग्लंडमध्ये मी काढलेल्या पहिल्या हिवाळ्यात काही दिवस असे गेले की उतरताना ड्रायव्हरला म्हटलेलं 'थँक यू' हे माझं दिवसातलं एकमेव वाक्य होतं. त्या वाक्यासाठीसुद्धा बाहेर पडणं सार्थकी लागत असे.

शहरातून २३ किंवा २७ घेतलीत तर रॉयल बोटॅनिक गार्डनपाशी उतरता येतं. बागेत प्रवेश मोफत आहे. पाऊस असेल त्या दिवशी चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम, तेही मोफत. ही ठिकाणं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, ते स्पष्टच बोलते: स्वच्छतागृह. आपल्या वयाच्या बायका बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, थकवा येतो, आणि दोष हिवाळ्याला जातो. जिथे सोय आहे तिथेच फेरी आखा आणि पाणी प्या.

गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या मजल्याचा हट्ट नको. वर जायचंच असेल तर बस सुटायच्या आत चढा आणि ती पूर्ण थांबल्यावरच उतरा. ड्रायव्हरला आधी सांगितलं तर तो थांबतो. फुटपाथवर बर्फाचा पारदर्शक थर असेल त्या दिवशी घरीच थांबा, तो दिवस खिडकीजवळ खुर्ची ओढून आणि मुलीला व्हिडिओ कॉल करून काढा. टोरांटोची सकाळ तुमच्या दुपारी होते. साडेतीनच्या अंधाराच्या तोंडावर तो फोन ठेवला तर ती वेळ सरकून जाईल.

मुलाला खरं सांगा. 'मार्केटला गेले होते' हे खोटं लहान आहे, पण रोज बोललं की त्याचं ओझं होतं, आणि तुमचा आनंद तुमच्याच तोंडून अपराध ठरतो. त्याला एवढंच म्हणा: "मला हिवाळ्यात घरात उदास वाटतं. बसने फिरून आलं की बरं वाटतं. मी डॉक्टरांनाही विचारते आहे." तो काळजी करेल, कदाचित रागावेल, 'थंडीत कशाला भटकतेस' म्हणेल. म्हणू दे. त्याला एक काम द्या: मंगळवारी आणि शुक्रवारी घरी पोचलात की तुम्ही त्याला मेसेज करायचा, आणि पाच वाजेपर्यंत आला नाही तर त्याने फोन करायचा. काळजी करणाऱ्या माणसाला करायला काही मिळालं की त्याची चिडचिड कमी होते.

एकटीने जाण्यात गैर काही नाही, काही फेऱ्या एकटीच्याच असू देत. पण महिन्यातून एक फेरी कुणाबरोबर करा. मंडळात साठी ओलांडलेल्या आणखी बायका असतीलच, सगळ्यांकडे तेच कार्ड आहे. कार्यक्रम नको, हॉल नको, वर्गणी नको. दोघी पुरेत. कोण जाणे, ज्या मैत्रिणीने रिकामपणाचे उद्योग म्हटलं तिलाच विचारून बघावंसं तुम्हाला वाटेल. घरी बसून कंटाळलेली माणसंच पुष्कळदा असं बोलतात.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं: वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्येही साठीपासून बसचा पास मिळतो. इंग्लंडमध्ये तो सरकारी पेन्शनच्या वयाला मिळतो आणि सोमवार ते शुक्रवार साधारणपणे सकाळी साडेनऊनंतर चालतो. लंडनकरांना साठीनंतर वेगळं कार्ड आहे. व्हिजिटर व्हिसावर काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हे पास मिळत नाहीत. त्यांना दिवसभराचं तिकीट काढून द्या आणि पहिल्या दोन फेऱ्यांना स्वतः बरोबर जा. दिवसभर बंद घरात बसून ते तुमची वाट पाहत असतात आणि तक्रार करत नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकांनीही एसटीच्या सवलती केवळ लग्नकार्याला आणि दवाखान्याला ठेवू नयेत. पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे, पासष्टनंतर अर्धं तिकीट, आणि बायकांना २०२३ पासून सगळ्याच वयात अर्धं तिकीट. तिथे ऊन भरपूर आहे, पण एकटेपण काही ऋतू बघून येत नाही.

ताई, तुमच्यासाठी शेवटची एक फेरी सुचवते, मैत्रीण तयार झाली तर तिच्यासकट. शहरातून १२४ नंबरची बस नॉर्थ बेरिकला जाते. तासाभराहून थोडा जास्त प्रवास आहे. जाताना डाव्या बाजूला बसा, मसलबरा मागे पडलं की मधूनमधून समुद्र दिसत राहतो. वाटेत अ‍ॅबरलेडीला खाडी आहे. आइसलँड-ग्रीनलँडकडून आलेले गुलाबी पायांचे कलहंस हिवाळ्यात तिथे मुक्कामाला असतात, हजारोंनी. आसपासच्या शेतांत ते दिवसा चरत असतात, तेव्हा खिडकीतूनही दिसतील. डब्यात थालीपीठ आणि थर्मासमध्ये चहा घ्या, नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावर वारा झोंबतो. दोन वाजता परतीची बस धरलीत तर उजेड असेतो बराच रस्ता मागे पडेल. आणि येताना उजव्या बाजूला बसायला विसरू नका, समुद्र तिकडे असेल.